उतरत्या भावाचा माणूस

संध्याकाळ झाली की नदीकाठच्या त्या मोठ्या दुकानात तयार जेवणाच्या फळीपाशी माणसं जमायची, पण कुणी कुणाकडे बघायचं नाही. एक जण खारवलेल्या मुळ्याची पिशवी उचलून तिच्यामागचं बारीक अक्षर वाचत उभा राही. एक बाई अंड्यांचा खोका उघडून एकेक अंडं निरखत राही, जणू त्यातून आत्ता पिल्लू निघणार आहे. कान मात्र सगळ्यांचे मागच्या दाराकडे. सात वाजता त्या दारातून पिवळ्या लेबलांचं यंत्र घेऊन एक मुलगी बाहेर येई, आणि ती ज्या डब्यावर लेबल चिकटवील तो डबा अर्ध्या किमतीचा होई.

या जमावातला सगळ्यात जुना माणूस यासुजी कुमाकुरा. साठी उलटलेली, पाठ किंचित वाकलेली, आणि उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी काळी पडलेली. ती काळी बोटं त्याच्या धंद्याची. घरामागच्या पत्र्याच्या शेडात तो चमच्यांना पॉलिश करी. चमचा चाकाला लावायचा, उचलायचा, अंगठ्यानं चोळून बघायचा, पुन्हा लावायचा. चाळीस वर्षं हेच. त्यामुळे हातात चमचा नसला तरी त्याचा अंगठा तर्जनीवर फिरत राही. मन जितकं अस्वस्थ, तितका अंगठा जोरात. त्या संध्याकाळी तो फार जोरात फिरत होता.

"काय कुमाकुरा-सान, बांगड्यावर नजर आहे वाटतं?" सासागावानं बाजूला सरकत विचारलं. हा पूर्वी बस चालवायचा. आता पेन्शन घेतो आणि लोकांच्या खोड्या काढतो.

"तुझा हात लांब आहे. तू आधी दूर उभा राहा."

"मी आज माशासाठी आलोच नाही. संडासचे कागद न्यायला आलोय. एप्रिलपासून विक्रीकर पाच टक्क्यांचा आठ होणार ना? खोलीभर गठ्ठे रचलेत. बायको म्हणते, आता झोपायचं कुठं?"

"वेडा आहेस. कर वाढला की लोक घेणार नाहीत. लोकांनी घेतलं नाही की भाव खाली येतो. मे महिन्यात हेच कागद याहून स्वस्त मिळतील. थांब जरा."

"मे महिन्यापर्यंत धरून ठेवू होय?" सासागावा म्हणाला. अंड्यांवाली बाई खोक्यात तोंड घालून हसली.

मुलगी आली. भाजलेल्या बांगड्यावर पिवळं लेबल पडलं, आणि ते नीट चिकटायच्या आत डबा यासुजीच्या हातात होता.

घरी त्याची बायको फुसाए स्वयंपाकघरात होती. आमच्याकडची जुनी स्वयंपाकघरं उत्तरेला तोंड करून असतात, म्हणजे अन्न टिकतं. अन्न टिकावं म्हणून बाईनं गारठावं, अशी ती रचना. फुसाए लोकरीच्या दोन जोड मोज्यांत, पायांखाली घडी केलेलं कांबळं घालून, मुळा कापत होती. बोलली की तोंडातून वाफ निघे. रॉकेलची शेगडी जळत होती, पण तिची ऊब गुडघ्यापर्यंत येऊन थबके. खाली पोटरीशी मात्र पाण्यात उभं राहिल्यासारखा गारवा. रात्री ताटावर टाकलेलं फडकं सकाळी काठीसारखं ताठ झालेलं सापडे.

"आई, बांगडा," यासुजी म्हणाला. लेक चिनात्सू जन्मली तेव्हापासून नवरा-बायको एकमेकांना आई नि बाबाच म्हणत. लेक लग्न होऊन ओमिया शहरात गेली, तरी हाक तीच राहिली.

"ठेवा तिथं." ती मुळ्यावरून नजर न उचलता म्हणाली. "बाबा, चिनात्सूचा फोन होता. त्यांच्याकडे खालची खोली रिकामी झालीये. बर्फ गेलं की मी तिकडे जाते."

"जा की. पोरं खूश होतील. किती दिवस?"

"स्वयंपाकघर गरम होईपर्यंत."

सुरीचा आवाज थांबला नाही. एकसारखा, बारीक. यासुजीला वाटलं, ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. चिडलेलं माणूस उद्या निवळतं. ही तर भाजी काय करायची ते सांगावं तशी बोलत होती.

"अगं, होनमा सुताराकडे गेल्या खेपेला नव्या स्वयंपाकघराचा भाव बारा लाखांवर आला होता. अजून एक वर्ष थांबलो तर..."

"माझे गुडघे थांबत नाहीत," ती म्हणाली. "थंडीत खाली बसले तर भांड्यांच्या कपाटाला धरून उठावं लागतं. परवा कपाटच पुढं आलं. एक तर कपाट पडेल, नाहीतर मी."

"पण पैसे..."

"पैशाचं मला सांगू नका. पेटीची चावी माझ्याकडेच आहे. हो म्हणणं तेवढं तुमच्याकडे."

हे खरं होतं. आमच्याकडे घरचा पैसा बाईच्या हाती असतो. नवऱ्यानं मिळकत आणून द्यायची आणि तिच्याकडून महिन्याचा हातखर्च घ्यायचा. यासुजीचा हातखर्च चिनात्सू शाळेत होती तेव्हा ठरला, तो आजवर एका येननंही वाढला नव्हता. वाढवायचं कारणच पडलं नाही. तंबाखू सोडली तर सगळ्याचे भाव होते तिथंच होते, नाहीतर खाली. फक्त थोरल्या खरेदीला हो म्हणायचा मान त्याचा. तो मान त्यानं फार जपून वापरला होता. इतका जपून, की बहुतेक वेळा वापरलाच नाही.

*

माणूस काही जन्मत: असा थांबलेला नसतो. यासुजीला थांबायला शिकवलं त्याच्या थोरल्या भावानं, मासारूनं. जमिनीचा भाव फक्त चढतो असं सगळे शपथेवर सांगत होते त्या काळात मासारूनं कर्ज काढून शहरात घरापुरती जागा घेतली. पुढच्या काही वर्षांत तिची किंमत निम्म्यावर आली, मग निम्म्याच्याही खाली. हप्ता तेवढाच राहिला, पगार तेवढाच राहिला, जागाच तेवढी राहिली नाही. मासारू अजून ती फेडतोय. नवीन वर्षाला सगळे जमले की दोन घोट पोटात गेल्यावर तो ठरलेलं वाक्य बोलतो, "यासुजी, एक वर्ष थांबलो असतो तर मी राजा होतो." आणि सगळे मान खाली घालून भाताचे लाडू चघळतात.

तेव्हापासून यासुजीनं घाई केली नाही. आणि काळ असा आला की तो दरवेळी बरोबर ठरला. टीव्ही बिघडला तेव्हा लगेच नवा घेतला नाही. एक हिवाळा रेडिओवर काढला, आणि वसंतात त्याच पैशात मोठा टीव्ही घरी आला. धुण्याचं यंत्रही तसंच. गाडीही तशीच. बँकेत पैसे ठेवावेत तर दहा लाख येनवर वर्षाकाठी मिळणाऱ्या व्याजात नूडलचा एक वाडगाही येत नव्हता. बँकेपर्यंतचं जाण्यायेण्याचं बसभाडं त्याहून जास्त. मग फुसाएनं पैसे किमोनोंच्या पेटीत, सगळ्यात खालच्या खणात ठेवायला सुरुवात केली. तिथं ते वाढत नव्हते, पण बाहेरच्या जगात वस्तू उतरत होत्या. म्हणजे पेटीत पडल्या पडल्या पैसा जरा जरा मोठा होत होता. यासुजीला ते फार आवडे. काही न करता आपण शहाणे ठरतोय, याच्याइतकं सुख माणसाला दुसरं नाही.

स्वयंपाकघराचा भाव त्यानं पहिल्यांदा विचारला तेव्हा चिनात्सू शाळा संपवत होती. होनमा सुतारानं सगळं मोजून अठरा लाख सांगितले. यासुजी थांबला. काही वर्षांनी बीनच्या गोड पुरणाचे लाडू घेऊन पुन्हा गेला, होनमानं सोळा सांगितले. मग चौदा. मग बारा. दरवेळी यासुजी घरी येऊन दारातूनच ओरडे, "आई, दोन लाख वाचले!" सुरुवातीला फुसाएही हसायची. एकदा तर तिनं त्या रात्री लाल चवळीचा भात केला होता, मुलगा झाल्यासारखा. मग हसणं कमी झालं. अलीकडे ती नुसतं म्हणे, "कुठल्या कामाचे?"

हे त्याला टोचे. पण टोचणी चाकावर गेलं की विसरता येते. पॉलिशच्या चाकाचा आवाज मोठा असतो.

*

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तो होनमाकडे निघाला. लाडूंचा खोका बगलेत. रस्त्यावर बर्फ कमरेइतकं, मधून एक माणूस जाईल अशी वाट. चालता चालता तो मनात बोलणी जुळवत होता. सगळं जग करवाढीच्या आधी काम उरकायला धावतंय, तेव्हा होनमा आज ताठ असणार. आपण म्हणायचं, एप्रिलनंतर तुझ्याकडे कोण येणार? तेव्हा आमचंच काम असेल. दहावर तोडू. दहा! हे फुसाएला सांगताना कसं वाटेल ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि अंगठा फिरायला लागला.

होनमाच्या कारखान्याचं दार उघडं होतं. आत काही नव्हतं.

यंत्रं जिथं होती तिथं सिमेंटवर चार चार काळे चौकोन. सेडारच्या लाकडाचा वास, जो या आवाराच्या अलीकडच्या वळणावरच यायचा, तो नव्हता. कोपऱ्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक लांब गठ्ठा, आणि त्याच्यावर मांजर.

होनमा घरात, कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, गरम रजईत पाय घालून बसला होता. चौऱ्याहत्तरीचा म्हातारा, पण खांदे अजून रुंद. समोर संत्र्यांच्या सालींचा ढीग.

"आलास? यंदा उशीर केलास," तो म्हणाला. "बस. लाडू कुठले आहेत?"

"होनमा-सान, यंत्रं?"

"विकली. पोरगा निघून गेला ना, सुतारकाम शिकलेला. तीन वर्षांमागच्या भूकंपानंतर सेंदाईकडे घरं बांधायला माणूस मिळत नाही, तिकडे माझ्या दीडपट मजुरी. मीच म्हटलं, जा. इथं काय करशील? इथं सगळे पुढच्या वर्षी करणारे."

यासुजीनं लाडूंचा खोका मेजावर ठेवला.

"तू एकटा नव्हतास रे," होनमा संत्रं सोलत म्हणाला. "ओहाशीचं छप्पर, देवळाची पायरी, त्या शिक्षिकेची न्हाणी. सगळी चांगली माणसं, सगळ्यांकडे पैसे. सगळे म्हणायचे, होनमा-सान, जरा थांबू. पुढचं वर्ष आलं की मी जरा उतरायचो. लाकूड तेवढ्यालाच यायचं, मग उतरायचो कुठून? आधी माझ्या मजुरीतून. मग पोराच्या. मग एक दिवस बघितलं, तर उतरायला पायरीच नाही." त्यानं संत्र्याची फोड तोंडात टाकली. "हे गोड आहे. घे."

यासुजीनं फोड घेतली, पण त्याच्या कानात दुसराच आवाज घुमत होता. दर जानेवारीत घाऊक व्यापाऱ्याचा माणूस त्याच्या शेडात येतो. कंबरेत वाकतो, बिस्किटांचा खोका पुढं करतो आणि म्हणतो, "कुमाकुरा-सान, यंदाही जरा जमवून घ्या." चमच्यामागचा दर त्या जमवण्यात इतका खाली आला होता की पूर्वी जेवायच्या सुट्टीपर्यंत मिळायचं ते मिळवायला आता संध्याकाळ लागे. तो माणूस गेला की यासुजी रागानं बिस्किटं कुत्र्याला घालायचा. आणि गेली इतकी वर्षं तो स्वत: लाडूंचा खोका घेऊन इथं येत होता. तसंच वाकत होता. तसंच बोलत होता.

"लाडू चांगले आहेत," होनमा म्हणाला. "तुझे नेहमीच चांगले असतात."

*

दुसऱ्या आठवड्यात तो महामार्गावरच्या मोठ्या दुकानात गेला, जिथं स्वयंपाकघरं ओळीनं मांडून ठेवतात, पाणी नसलेल्या नळांसकट. दुकान जत्रेसारखं भरलं होतं. माणसं तांदळाची पोती, टायर, साबण ढकलगाड्यांवर रचून पळत होती, जणू एक एप्रिलला पूर येणार होता. वीस वर्षं हळूहळू चालणारी माणसं अशी पळताना बघून यासुजीचेही पाय भराभर पडायला लागले. पळावं असं वाटे आणि कुठं ते कळेना.

टाय लावलेल्या पोरानं नम्रपणे वाकून सांगितलं, "मार्चमध्ये तर शक्यच नाही, साहेब. सुतारच नाहीत. जुलैचा शेवट धरा. सतरा लाख, वर आठ टक्के कर."

यासुजीच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. "जरा थांबतो."

"जरूर थांबा, साहेब," पोरगा हसून म्हणाला. "फक्त खाली येईल असं मात्र मला वाटत नाही."

घरी फुसाए बॅग भरत होती. घाई नाही, रुसवा नाही. रोज एक वस्तू. आज गुडघ्याचे पट्टे, उद्या चष्म्याची डबी. उघडी बॅग माजघराच्या कोपऱ्यात पडून असे, आणि यासुजीला त्या बॅगेजवळून जाताना दरवेळी आत डोकवावंसं वाटे. तो शेडात जाऊन बसे, चाक सुरू करी, बंद करी. चमच्यात स्वत:चं तोंड लांबट दिसे. फुसाएशी काय बोलावं ते जुळेना. 'जाऊ नकोस' हे शब्द त्याला माहीत होते, पण ते सवलतीत मागितल्यासारखे वाटत.

एका दुपारी ती दवाखान्यात गेली असताना तो जमिनीखालच्या खणातली बरणी काढायला स्वयंपाकघरात गेला. लोणच्याची बरणी जमिनीतल्या झाकणाखाली असते. गुडघे टेकल्याशिवाय हात पोचत नाही. गुडघे टेकले. झाकण अडलं होतं. तो खटपट करत राहिला. थोड्या वेळानं झाकण सुटलं, बरणी आली, पण त्याला उठता येईना. फळ्यांमधून वर येणारी थंडी गुडघ्यांच्या वाटीत शिरून बसली होती. त्यानं हात पुढं केला, तो भांड्यांच्या कपाटावर पडला. कपाट पुढं झुकलं, आतल्या बशा एकमेकींवर किणकिणल्या.

तो तसाच थांबला. बरणी मांडीवर, हात कपाटाला. आणि त्याच्या ध्यानात आलं की कपाटाची ती कडा, जिथं त्याचा हात होता, तेवढीच गुळगुळीत झाली होती. त्याच्या चमच्यांहून गुळगुळीत.

*

त्याच संध्याकाळी तो होनमाकडे गेला. लाडू नव्हते.

"भाव विचारायला आलो नाही," तो दारातूनच म्हणाला. "माझ्या घरात थंडी कुठून येते, ते विचारायला आलोय."

होनमानं हातातलं संत्रं खाली ठेवलं. सुताराला घराचा भाव विचारला तर तो खांदे उडवू शकतो. घराचं दुखणं विचारलं तर त्याला बसवत नाही.

"जमिनीखालून," तो म्हणाला. "दुसरी कुठून येणार? ती जमीन माझ्या बापानं घातलीय. तेव्हा खाली माती नि वारा सोडून काही ठेवत नसत. वरचं सगळं बदललंस, नवे नळ, नवी कपाटं, आणि खालचा वारा ठेवलास, तर अठरा लाख गटारात. मी तुला पहिल्याच दिवशी सांगणार होतो. तू आकड्यावरच उठलास."

"मग जमीन तेवढी."

"यंत्रं नाहीत."

"गठ्ठ्यात रंधे आहेत. मांजर बसलेलं त्यावर."

"माझी कंबर वाकत नाही."

"माझी चाळीस वर्षं वाकलेलीच आहे," यासुजी म्हणाला. "वाकणं माझं. बघणं तुमचं."

होनमा हसला नाही. त्यानं संत्र्याच्या साली गोळा केल्या, टाकल्या, हात पुसले. मग म्हणाला, "एक अट. पैसे किती ते काम संपल्यावर सांगीन. आधी नाही. आणि तुझ्यावर उपकार म्हणून करत नाहीये, बापाचं अर्धवट राहिलेलं काम आहे."

यासुजीच्या आयुष्यात एवढी मोठी वस्तू भाव न कळता त्यानं कधी घेतली नव्हती. परतीच्या वाटेवर त्याला दोनदा मागं वळावंसं वाटलं. निदान अंदाज विचारावा. निदान पंधराच्या आत की बाहेर. बर्फ पायाखाली करकरत होतं आणि अंगठ्याची कातडी हुळहुळायला लागली होती.

मार्चच्या शेवटी त्यांनी पहिली फळी उचलली. खालून ओल्या मातीचा श्वास आला, अंधारा, जुना. होनमा स्टुलावर बसून काठीनं दाखवी, "तिकडे. नाही, तिकडे. तुला चमच्याशिवाय काही सरळ दिसत नाही का?" यासुजी पोटावर झोपून तुळयांमध्ये थर्माकोलच्या जाड पाट्या बसवी. पाटी जरा लहान पडली की होनमा काढून टाकायला लावी. "वारा उंदरासारखा असतो. फट मिळेल तिथून शिरेल." स्वयंपाकघर उघडं पडलं, शेगडी माजघरात आली, भांडी न्हाणीत. आणि फुसाए ठरल्या दिवशी निघाली. आता तर राहायची सोयही नव्हती.

स्टेशनवर दोघं उभी होती. ओमियाला जाणारी गाडी यायची होती. रुळांच्या कडेला बर्फाचे मळके ढिगारे उरले होते.

"कधी संपेल?" तिनं विचारलं.

"होनमा म्हणतो, एप्रिलच्या मध्यावर. आधी जमीन. मग पुढचं पुढं."

"आणि ठरलं कितीला?"

"विचारलं नाही."

फुसाए वळून त्याच्याकडे बघायला लागली. "काय नाही?"

"तो म्हणाला संपल्यावर सांगीन. मी बरं म्हटलं."

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? वीस वर्षं भाव विचारत बसलात, आणि काम सुरू करताना विचारला नाही?" तिचा आवाज इतका चढला की बाकावरची दोन शाळकरी मुलं बघायला लागली. "उद्या त्यानं तीस लाख सांगितले म्हणजे? पेटीत आहेत किती ते तुम्हाला तरी माहितीये का?"

"नाही."

"नाही म्हणे!" ती म्हणाली, आणि मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. ती हसली म्हणायचं की नाही, हे यासुजीला पुढं कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. तिनं पर्स उघडली, लाल दोऱ्यात बांधलेली छोटी चावी काढली आणि त्याच्या काळ्या बोटांत ठेवली. "लाकडाचे पैसे आधीच देऊन टाका त्याला. म्हातारा माणूस. आता अडून बसला तर मी जन्मभर ओमियाला. आणि खालच्या खणातला निळा किमोनो विस्कटू नका, तो माझ्या आईचा आहे."

"मग तू मध्यावर येशील?"

गाडी आली होती. "गरम झालं की फोन करा," ती पायरीवर चढत म्हणाली. "मी खरंच गरम आहे का ते पायानं बघणार. तुमच्या सांगण्यावर नाही."

गाडी गेली. यासुजी स्टेशनाबाहेर आला. चावी मुठीत होती आणि अंगठा तिच्यावर फिरत होता.

घरी जाताना वाटेत दुकान लागलं. साडेपाच वाजत होते. आत सासागावा आधीच सोया सॉसची बाटली उलटीपालटी करत उभा.

"लवकर आलात, कुमाकुरा-सान! दीड तास आहे अजून. बघा, उद्यापासून आठ टक्के. आजचं लेबल म्हणजे जुन्या कराचं शेवटचं लेबल. गर्दी होणार."

यासुजीनं फळीवरचे भाजलेल्या बांगड्याचे दोन डबे उचलले. अजून ऊन होते. त्यांच्यावर काहीच चिकटवलेलं नव्हतं.

"अहो, अहो! लेबल लागलं नाही त्यावर," सासागावानं त्याची बाहीच धरली. "काय झालं तुम्हाला?"

"होनमा आमच्याकडेच आहे, सहाला जेवतो," यासुजी म्हणाला. "दिवसभर काठी दाखवून भुकेला होतो तो."

"मग सातला जेवायला सांगा की त्याला!"

"सांगून बघ तू."

पैसे देताना त्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. पावतीवरचा आकडा त्यानं एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि अर्ध्या किमतीत किती झालं असतं ते मनात आलंच; ते काही जायचं नाही. मग डबे कोटाच्या आत, छातीशी धरले, म्हणजे घरी पोचेपर्यंत निवणार नाहीत, आणि तो भराभर चालायला लागला.